मुकी वरात

वरात गोम्सच्या बेकरीपाशी आली आणि बँड एकदम बंद पडला.

मी वरच्या गॅलरीत सुपात झेंडूच्या पाकळ्या घेऊन उभी होते. आमच्या गल्लीत वरात कोणाचीही असो, पाकळ्या प्रत्येक गॅलरीतून पडायच्या. त्या संध्याकाळी याकूब सायकलवाल्याच्या थोरल्या मुलाची वरात होती. दोन घरं अलीकडेपर्यंत क्लॅरिनेट नुसतं उड्या मारत होतं, पोरं घामाघूम होऊन नाचत होती, आणि आता गॅसबत्त्यांचा फुसफुसाट, घोड्याच्या टापा आणि माणसांची पावलं एवढंच ऐकू येत होतं. नाचणाऱ्या पोरांना कोणीतरी बखोटीला धरून उभं केलं. पुरुषांनी माना खाली घातल्या. घोड्यावरच्या नवरदेवानं फुलांच्या सेहऱ्यामागे मान खाली घातली असावी, कारण सेहरा छातीला टेकला.

माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो गल्लीतल्या कोणाच्याही मनात आला असता. कोण गेलं? मी शेजारच्या गॅलरीकडे पाहिलं. तिथं काशीबाई परदेशी उभी होती, धडधाकट, आणि माझ्याकडे पाहत होती. समोरची फिलोमिना गोम्ससुद्धा माझ्याकडेच पाहत होती. खाली रस्त्यावरचे निम्मे लोक मान वर करून पाहत आणि लगेच खाली घालत. मग माझ्या लक्षात आलं की बँड आमच्या घरासाठी बंद झालाय.

हे का होतं ते सांगायला हवं, कारण ती पद्धत आता त्या गल्लीबरोबर गेली.

पुण्याच्या लष्कर भागात आमची तबेला लाइन होती. इंग्रजांच्या काळात तिथं घोडे बांधत. घोडे गेले, नाव राहिलं, आणि घोड्यांच्या जागी माणसं आली. ज्याला जिथून यायला जमलं तिथून तो आला. गोम्सची बेकरी होती, याकूबचं सायकल दुकान होतं, पेणकर वकील होते. त्यांना नवीन माणूस हमखास ब्राह्मण समजे आणि शनिवारी कागदाला हात लावत नाहीत म्हटल्यावर गोंधळून जाई. ते बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू होते. काशीबाईचे परदेशी होते, मुदलियार होते आणि आम्ही खटावकर शिंपी होतो. इतके देव एका गल्लीत म्हटल्यावर मिरवणुकांना काय तोटा? आज पिराचा संदल, उद्या चर्चची मिरवणूक, परवा गणपती, आणि मधल्या दिवसांत लग्नं. या सगळ्यांना बँड मात्र एकच, इस्माईल मास्तरांचा न्यू एम्पायर ब्रास बँड. एम्पायर केव्हाच गेलं होतं, पण लाल कोटांवरची पितळी बटणं होती, आणि ती दर हंगामाला माझ्या सासूबाई शिवून द्यायच्या.

गल्ली अरुंद. एका दारात मंडप आणि दुसऱ्या दारात तिरडी, असं एकाच दिवशी व्हायचं. म्हणून मास्तरांच्या वडिलांनी एक रीत घालून दिली होती. मिरवणुकीच्या दिवशी सकाळी मास्तर सगळी वाट पायी चालून यायचे आणि दर दारात उभं राहून विचारायचे, "माई, वाजवू?" विचारायचं ते घरातल्या थोरल्या बाईला. पुरुषांना विचारायचं नाही, कारण पुरुष भिडेनं हो म्हणतात आणि तोऱ्यानं नाही म्हणतात, असं मास्तरांचं मत. बाई वाजवा म्हणाली की वाजवायचं. नको म्हणाली की तिच्या घराच्या दोन दारं अलीकडे बँड बंद आणि दोन दारं पलीकडे सुरू. मुदत ज्याच्या त्याच्या घरची. कोणाचे तेरा दिवस, कोणाचे चाळीस, पेणकर वकिलांच्या आई गेल्या तेव्हा वर्षभर. आणि ज्या घरापुढे बँड मुका झाला त्या घरी त्याच संध्याकाळी बायका जेवण घेऊन जात, मग त्यांचं आपसात भांडण का असेना.

माझ्या घरी कोणी मेलं नव्हतं. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना गल्ली जिजी म्हणायची. तिसरं माणूस म्हणजे माझा नवरा, दत्ताराम, आणि तो बसऱ्याला होता.

होता असं जिजी म्हणत. लग्नानंतर दीड वर्षानं तो मालवाहू बोटीवर भटारखान्यात कामाला लागला. पहिल्याच फेरीत बसऱ्याला उतरला आणि परत बोटीवर चढला नाही. कंपनीनं कळवलं की तुमचा माणूस पळाला, आमचा संबंध संपला. पुढे काहीच आलं नाही. मग दुसऱ्या वर्षी कासम नावाचा एक खलाशी घर शोधत आला. मी तेव्हा ईस्ट स्ट्रीटच्या दुकानात मशीनवर होते. घरी आले तेव्हा तो निघून गेला होता आणि जिजी गल्लीभर सांगत होत्या की दत्तू खुशाल आहे, तिकडे हॉटेलात काम करतो, पैसे साठवून येणार आहे. मला इतका राग आला की एवढा मोठा निरोप आला आणि तो माणूस मी येईपर्यंत पाच मिनिटं थांबला नाही. पण आनंदही झाला. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि आनंद व्हायला फारसं काही लागत नसे.

त्यानंतर मास्तरांनी दारात येऊन विचारलं की जिजी ठरलेलं उत्तर देत. "वाजवा. आमच्या दारापुढे दोन हात जास्त वाजवा. माझा लेक परदेशी आहे, मेला नाही." मास्तर खरंच आमच्या दारापुढे जास्त वाजवायचे. ट्रंपेटवाला गाल फुगवून गॅलरीकडे बघायचा आणि जिजी पदर खोचून हसायच्या.

आठ-नऊ वर्षं गेली. दत्तू आला नाही, कासमही पुन्हा आला नाही.

मुदलियार आमच्या समोरच्या खोलीत राहायचे. मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकून. जन्म तबेला लाइनीतलाच. घरात तमिळ, गल्लीत मराठी, ऑफिसात इंग्रजी आणि सायकल पंक्चर झाली की हिंदी. नाव षण्मुगम, पण तेवढं म्हणायला गल्लीला सवड नव्हती, म्हणून नुसते मुदलियार. जिजींच्या तोंडी "तो मद्रासी." माझ्याकडे ते शर्टाची कॉलर उलटवून घ्यायला येत. झिजलेली कॉलर काढून उलटी शिवली की शर्ट आणखी वर्षभर निघतो. पण एका शर्टाची कॉलर एकदाच उलटवता येते, दोन्ही बाजू झिजल्यावर कोणी परमेश्वर आला तरी काही करता येत नाही. मुदलियार तोच शर्ट दुसऱ्यांदा घेऊन आले तेव्हा मला कळायचं ते कळलं. मी शर्ट ठेवून घेतला.

त्यांनी सरळ विचारलं. मी सरळ सांगितलं की मला नवरा आहे. ते म्हणाले, आहे का? मग आम्ही पेणकर वकिलांकडे गेलो. वकिलांनी चष्मा पुसत समजावलं की सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल तर कोर्ट सोडवतं, पण खबर ज्यांना हमखास लागली असती अशा माणसांना कोर्ट आधी विचारतं, म्हणजे आईला. आई सांगते की निरोप आला, मुलगा जिवंत आहे. कोर्ट तुझं ऐकेल की तिचं? "जिजींनी शब्द फिरवला तरच तुझं काम होईल," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

तो शब्द मी जिजींकडे मागू शकत नव्हते. आईला म्हणायचं काय, की तुमचा लेक मेला असं एकदा म्हणा, मला लग्न करायचंय? माझ्या तोंडून ते आलं नसतं, आणि आलं असतं तर मीच स्वतःला माफ केलं नसतं. मुदलियारांना मी नाही म्हणून सांगून टाकलं.

त्यांची बदली मद्रासला झाली तेव्हा मात्र त्यांनी मला न विचारता एक गोष्ट केली. वरातीच्या तीनचार दिवस आधी, मी दुकानात असताना, ते जिजींपुढे जाऊन बसले आणि जे मी मागत नव्हते ते त्यांनी मागितलं. जिजींनी त्यांना घराबाहेर काढलं. काशीबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्यामुळे मी चपला काढायच्या आत मला जिन्यातच सगळं कळलं. आम्ही दोघी त्या रात्री पिठलं-भाकरी जेवलो आणि भाकरी चांगली झालीय एवढंच बोललो.

आणि आता बँड आमच्या दारापुढून मुका चालला होता.

खरं सांगायचं तर क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्याच क्षणी मनात आलं, जिजींनी हे ऐकलं तर? मी वळून आत पाहिलं. त्या भिंतीकडे तोंड करून पाटावर बसल्या होत्या. वरात पाहायला त्या बाहेर आल्या नव्हत्या हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मला वाटलं, बँड थांबलेला त्यांनी ऐकला आणि तो घाव त्यांना बसला. पलीकडे दोन दारं गेल्यावर बँड परत सुरू झाला. मी सूप खाली ठेवलं आणि जिना उतरले. कोणाचं हे काम आहे याबद्दल मला शंका नव्हती.

मुदलियार मंडपात गुलाबाचं सरबत वाटत होते. गल्लीत कोणाचंही कार्य असलं तरी सरबताचा जग त्यांच्याच हातात असायचा. मी त्यांना खुणेनं सायकल दुकानाच्या बाजूला बोलावलं.

"हे तुम्ही केलंत," मी म्हटलं. "जिजी ऐकेनात, म्हणून मास्तरांना सांगून गल्लीच्या देखत माझ्या नवऱ्याला मारलंत. त्या म्हातारीचं काय होईल याचा विचार केलात?"

त्यांनी जग खाली ठेवला.

"रत्नाबाई," ते म्हणाले. राग आला की ते मला बाई लावत. "मास्तर माझं ऐकतात असं तुम्हाला वाटतं? या गल्लीत माझं नाव धड कोणी घेत नाही, माझ्या सांगण्यावरून बँड कोण बंद करेल? आणि तुमच्या सासूबाईंनी मला हाकललं ते बरोबर केलं. मी विचारायला नको होतं. परवाच्या गाडीनं चाललोय मी. तिकीट काढलंय."

एवढं बोलून ते पुन्हा सरबत वाटायला गेले. पहिल्याच पाहुण्याच्या शेरवानीवर त्यांनी सरबत सांडलं. खोटं बोलणारा माणूस इतका नीटनेटका राग धरत नाही, हे मला पटलं. पण मग मास्तरांनी आपल्या मनानं केलं असेल, तर ते आणखी वाईट होतं.

मास्तर मंडपामागे खुर्चीवर बसून कॉर्नेट पुसत होते. बँडवाले चहा पीत होते. मला पाहून ते उठले आणि त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. मी म्हटलं की मास्तर, तुमचं वय झालं, घरं विसरायला लागलात की काय? माझ्या घरात कोणी गेलं नाही. कोणाला विचारून बाजा बंद केलात?

मास्तरांनी बँडवाल्यांना हातानं लांब जायला सांगितलं.

"बेटी, विचारल्याबिगर मी बाजा बंद करतो काय? माझ्या बापानं नाही केला, मी काय करणार. सकाळी आलो तेव्हा तू दुकानात गेलेली. माई दारात कोटाला बटणं लावत बसली होती. मी विचारलं, माई, वाजवू? ती काही बोलली नाही. हातानं असं केलं," त्यांनी तळहात हलवून नको केलं. "मी परत विचारलं. चूक नको म्हणून विचारलं. कोणाचं सुतक, माई? तर बोलली, 'माझं.' आणि बटण लावत बसली."

मास्तर पुढे म्हणाले, "मी घरी जाऊन दोन रकात नमाज पढलो दत्तूसाठी. त्याला बँडचा लई शौक होता. आमच्या पुढे नाचायचा."

मी जिना चढून घरी आले. घरात दिवा लावलेला नव्हता. स्टोव्ह थंड होता. आमच्या घरी संध्याकाळी स्टोव्ह पेटला नाही असं मी त्या घरात आल्यापासून कधी झालं नव्हतं. मी दिवा लावला आणि जिजींच्या समोर बसले.

"मास्तर म्हणतात तुम्ही सांगितलंत."

"होय."

"का, जिजी?"

"सकाळी तो दारात आला," त्या म्हणाल्या. "मी तोंड उघडलं, वाजवा म्हणायला. आलंच नाही गं. इतकी वर्षं येत होतं. आज जीभच उचलली नाही."

"पण दत्तू हॉटेलात आहे ना? तो कासम सांगून गेला होता ना?"

जिजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या रडत नव्हत्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलंच नव्हतं, दत्तूच्या नावानंसुद्धा नाही, आणि मला नेहमी वाटायचं की बाई धीराची आहे.

"कासम असं म्हणाला नव्हता. हॉटेलाचं मी सांगितलं. कासम म्हणाला, आई, दत्तूला ताप आला म्हणून आम्ही त्याला बोटीवरून उतरवून दवाखान्यात नेलं, पण कंपनीनं खर्च टाळायला पळाला असं लिहून टाकलं. तिथं आठ दिवसांत गेला. त्याच्या धर्माचं तिथं कोणी नव्हतं, म्हणून आम्हीच चौघांनी खांदा दिला आणि पुरला. माफ करा म्हणाला. माझ्या पाया पडला तो पोरगा. मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, सून यायच्या आत जा. आणि पुन्हा येऊ नको."

खाली बँड वाजत होता. मला त्या वेळी काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. नवरा गेल्याचं दुःख झालं असं म्हणावं तर दीड वर्षाचा संसार, आणि तोही विसरत चाललेला. त्याचा चेहरा आठवायला मला फोटो लागायचा. मला झाला तो राग. मी बावीस वर्षांची होते तेव्हापासूनचे सगळे दिवस एकदम डोळ्यांपुढे आले आणि ते कोणीतरी माझ्या खणातून काढून नेल्यासारखे वाटले.

"जिजी," मी म्हटलं, "मी मेलेल्या माणसाच्या आयुष्यासाठी दर शनिवारी मारुतीला तेल घातलं."

"मला माहीत आहे. तेल मीच आणून देत होते."

"मग का?"

"का म्हणजे? तुझे भाऊ दुसऱ्या दिवशी ओतूरहून आले असते आणि तुला घेऊन गेले असते. लेक गेला होता. सूनही गेली असती. मग मी कोणाकडे बघायचं? या भिंतीकडे? पहिल्या दिवशी म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. उद्या म्हटलं परवा. मग तूच एकदा म्हणालीस की दत्तू येईल तेव्हा त्याला खोबऱ्याच्या वड्या करू. मग सांगायचं राहिलंच. मी त्याच्यासाठी एकदासुद्धा रडले नाही, रत्ना. रडले असते तर तुला कळलं असतं."

तो राग अजून पुरता गेलेला नाही, हे इतक्या वर्षांनी लिहायला हरकत नाही. जिजींवर माझं प्रेम होतं. त्या दोन गोष्टी एकमेकींना कमी करत नाहीत, एवढं मात्र मला त्या संध्याकाळी कळलं.

मग त्या म्हणाल्या, "त्या मद्रासी पोराला मी नाही नाही ते बोलले. तो ऐकत बसला. जाताना चपला घातल्या, परत काढल्या, आत येऊन माझ्या पायाला हात लावला आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. मी आणखी दोन वर्षं निभावलं असतं."

"हे कोर्टात सांगाल?"

"सांगेन. पण एकदम तिथं उभं राहून जमलं नसतं. आयत्या वेळी परत म्हणाले असते की आहे माझा लेक. म्हणून आधी गल्लीला कळवलं. कोर्टापुढे माणूस फिरतो, गल्लीपुढे फिरता येत नाही."

जिन्यात पावलं वाजली. बायका आल्या. फिलोमिना गोम्स टोपलीत पाव आणि उकडलेली अंडी घेऊन आली. याकूबची भावजय तर लग्नघरातून, अंगावरच्या जरीच्या साडीवर साधी चादर पांघरून आली होती आणि तिनं बिर्याणी न आणता मुगाची खिचडी आणली होती, खास वेगळी शिजवून. पेणकरबाई आल्या. कोणी काही विचारलं नाही. पातेली भिंतीशी ठेवून त्या जिजींभोवती बसल्या. कोण कुठं वारलं, केव्हा, खबर कोणी आणली, हे उद्यापासून विचारायचं असतं. त्या दिवशी नुसतं बसायचं असतं.

सगळ्यात शेवटी काशीबाई आली. तिच्या हातात जेवण नव्हतं. ती थेट माझ्याजवळ येऊन बसली, तिनं माझी पाठ थोपटली आणि माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. गल्लीतल्या हिंदू घरांत अशा वेळी जे करायचं ते काशीबाईच करायची. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. नव्यानं विधवा झालेल्या बाईच्या बांगड्या उतरवायला जाणतं माणूस लागतं आणि ती स्वतःला जाणती समजत होती. तिनं दुसऱ्या हातानं माझ्या कपाळाकडे पदर नेला. मी हात काढून घ्यायला हवा होता, पण घेतला नाही. इतके दिवस नवरा नसताना मी ते लेणं वागवलं होतं, आता नवरा मेला म्हटल्यावर ते ठेवायचा मला काय हक्क, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

"काशे, हात काढ," जिजी म्हणाल्या.

काशीबाई म्हणाली, "अहो जिजी, रीत असते."

जिजी पाटावरून उठल्या. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना उठायला नेहमी माझा हात लागायचा. त्या एकट्या उठल्या, भिंतीला धरून आमच्यापर्यंत आल्या आणि माझा हात काशीबाईच्या मांडीवरून उचलून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला.

"मेला तो माझा लेक," त्या म्हणाल्या. "सुतक माझं आहे. हिच्या वाट्याचं होतं ते मी हिला वर्षानुवर्षं डांबून ठेवलं त्यातच कधीच फिटलं. हिच्या बांगड्यांना कोणी हात लावायचा नाही."

फिलोमिनानं छातीवर क्रूसाची खूण केली. काशीबाईनं पदर सावरला आणि ती मुकाट्यानं जिजींच्या बाजूला सरकून बसली.

"तू ऊठ," जिजी मला म्हणाल्या.

"मी तुमच्याजवळ बसते."

"माझ्याजवळ ह्या आहेत. तू खाली जा. त्या मुलाला सांग तिकीट परत कर म्हणून, नाही तर तुझंही काढ म्हणून, काय ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आत्ता जा. तू इथं बसलीस तर मला रडता येणार नाही. सवय झालीय तशी."

मी उठले. दारापर्यंत गेले आणि वळून पाहिलं. जिजींनी हातानं जा केलं.

जिन्याच्या मधल्या वळणावर होते तेव्हा वर त्यांचा हंबरडा ऐकू आला. दत्तू रे, म्हणून त्यांनी हाक मारली. असा आवाज मी त्या बाईचा कधी ऐकला नव्हता. माझी पावलं थांबली आणि परत वर धाव घ्यावी असं फार वाटलं. पण त्या मी जाईपर्यंत थांबल्या होत्या. मी कठड्याला धरलं आणि एकेक पायरी उतरत खाली गेले.